संशोधन शोधायचं कसं? मार्शमॅलोच्या निमित्ताने, मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी

१ जानेवारी २०२५पासून देशात ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली. केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० संशोधन-नियतकालिकं ६,३००हून अधिक सरकारी शिक्षणसंस्था आणि संशोधनसंस्थांना खुली झाली. सरकारी हिशेबाने १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना याचा लाभ होणार आहे. एकेका लेखासाठी डॉलरमध्ये पैसे मागणारी पानं आता कितीतरी विद्यार्थ्यांना कॉलेजच्या लॉगिनवर उघडता येतात.

आता पुढचं चित्र बघा. मानसशास्त्राचा एम.ए.चा विद्यार्थी लॉगिन करतो आणि शोधाच्या चौकटीत ‘इफेक्ट ऑफ मोबाइल ऑन स्टुडंट्स’ असं टाइप करतो. लाखो नोंदी येतात. पहिल्या पानावरचे आठ-दहा लेख तो उतरवून घेतो, प्रत्येकाच्या सारांशातली दोन वाक्यं उचलतो आणि ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’चं प्रकरण उरकतो. गाईडची सही होते. यात त्या पोराचा दोष मी फारसा मानत नाही. संशोधन प्रकल्प अभ्यासक्रमात आला, त्याला क्रेडिट्स मिळाले, पण आधीचं संशोधन शोधायचं कसं, हे बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासात आटोपतं.

लेख मिळत नाहीत, ही अडचण आता बरीच कमी झाली. काय मागायचं आणि मिळालेल्याचा माग कसा काढायचा, ही अडचण मात्र होती तिथेच आहे.

### लिटरेचर सर्च म्हणजे नेमकं काय?

गावाकडे दोन एकर जमीन घ्यायची असेल, तर विकणारा ‘सगळं क्लिअर आहे’ म्हणाला म्हणून कुणी इसार देत नाही. आपण सातबारा बघतो. त्यावरचे फेरफार क्रमांक घेऊन मागे जातो: जमीन कुणाकडून कुणाकडे आली, वाटणी कधी झाली, बोजा चढला होता तो उतरला का, कोर्टात काही चालू आहे का. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घेतो. लिटरेचर सर्च हे याच जातीचं काम आहे. ‘जी मुलं लहानपणी थांबायला शिकतात ती पुढे यशस्वी होतात’ असं विधान तुमच्यासमोर आलं, की ते कुणी, कधी, कशाच्या आधारावर केलं आणि त्यानंतर त्याचं काय झालं, हे कागदोपत्री काढायचं.

हे कागद म्हणजे शोधनिबंध, संशोधकांनी स्वतः केलेल्या अभ्यासाचे लेखी वृत्तांत. छापण्याआधी त्याच विषयातले इतर जाणकार ते तपासतात, याला पिअर रिव्ह्यू म्हणतात. आणि अशा निबंधांची शीर्षक, लेखक, सारांश, विषयशब्द अशी शिस्तशीर नोंद जिथे असते, तो डेटाबेस. एवढ्या तीन शब्दांवर पुढचं सगळं कळेल.

मानसशास्त्रात एक जास्तीची पंचाईत आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वार्कबद्दल काकांचं मत ऐकावं लागत नाही. ताण, राग, प्रेम, आळस, मुलांची शिस्त यावर मात्र प्रत्येकाचं मत असतं, आणि त्या मतांना ‘संशोधन सांगतं’ अशी शेपटी जोडलेले व्हिडिओ रोज येतात. त्यामुळे आपल्याला उत्तर आधीच माहीत आहे असं वाटतं आणि आपण पुरावा गोळा करायला निघतो. शोधाला सुरुवात होण्याआधीच तो बिघडतो तो इथे.

### आधी प्रश्न लहान करा

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. पालकसभेत आणि प्रेरणादायी भाषणांत हमखास येणारी मार्शमॅलो टेस्ट (मार्शमॅलो म्हणजे साखरेची मऊ, फुगीर मिठाई). अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून हे प्रयोग केले. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर खाऊ ठेवायचा. आत्ता खाल्लास तर एवढाच, मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त. पुढे असं दिसलं की जास्त वेळ थांबलेली मुलं मोठेपणी अभ्यासात आणि ताण हाताळण्यात सरस ठरली. गोष्ट इतकी गोड की जगभर पसरली.

समजा, तुम्हाला यावर प्रकल्प करायचा आहे. ‘आत्मसंयम आणि यश’ हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. त्यातून प्रश्न काढायचा तर चार गोष्टी ठरवाव्या लागतात: कोण, काय मोजणार, कशाशी ताडून बघणार, किती काळाने. ‘शाळेत जाण्याआधीच्या वयात मूल किती वेळ थांबतं यावरून किशोरवयातल्या शैक्षणिक प्रगतीचा अंदाज येतो का, आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावरही येतो का?’ हा झाला शोधता येईल असा प्रश्न. त्यातले ठळक शब्द वेगळे काढले की अर्धी तयारी होते.

### संशोधक त्याला काय म्हणतात?

गूगलवर ‘मार्शमॅलो टेस्ट’ टाकलंत तर ब्लॉग, भाषणं आणि पालकत्वाचे सल्ले येतील. कारण साधं आहे: संशोधक त्याला बहुतेक वेळा त्या नावाने लिहीतच नाहीत. मिशेल यांच्या १९७०च्या निबंधात मुलांसमोर मार्शमॅलोऐवजी बिस्किटं आणि प्रेट्झेल होते. संशोधनातली संज्ञा आहे ‘डिले ऑफ ग्रॅटिफिकेशन’, म्हणजे हवंसं सुख पुढे ढकलणं. ती टाकली की निबंध समोर येऊ लागतात. त्याच्या आजूबाजूला ‘सेल्फ-कंट्रोल’, ‘सेल्फ-रेग्युलेशन’, ‘एफर्टफुल कंट्रोल’ अशी नात्यातली मंडळी आहेत. ‘डिले डिस्काउंटिंग’ हाही शब्द दिसेल, पण तो वेगळ्या प्रकारचा प्रयोग आहे: आज शंभर रुपये की महिन्याने दीडशे, असे कागदावरचे पर्याय निवडायचे. दोन्ही एकच समजून लिहिलेली प्रकरणं मी वाचली आहेत आणि त्यांतले निष्कर्ष कुठल्या कुठे गेलेले असतात.

नेमकी संज्ञा सापडवायची कशी? एक बऱ्यापैकी निबंध मिळवा आणि त्याच्या सारांशाखाली छापलेले विषयशब्द बघा. पाठ्यपुस्तकाची विषयसूची बघा. आणि मोठ्या डेटाबेसची स्वतःची शब्दसूची असते ती वापरा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची अशी सूची १९७४पासून आहे. वैद्यकीय साहित्याच्या पबमेडमध्ये ‘मेश’ नावाची सूची आहे. लेखकाने ‘स्ट्रेन’ लिहिलं असो की ‘टेन्शन’, नोंद करणारा तो निबंध ‘स्ट्रेस, सायकॉलॉजिकल’ या एकाच ठरलेल्या शब्दाखाली बसवतो. तुम्ही तो शब्द मागितलात की सगळे एकत्र येतात.

शब्द काळानुसारही बदलतात, हे विद्यार्थी हमखास विसरतात. आज आपण ‘इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी’ म्हणतो. पण २०१३मध्ये डीएसएमची पाचवी आवृत्ती येईपर्यंत मानसिक आजारांच्या निदानाच्या त्या पुस्तकात ‘मेंटल रिटार्डेशन’ हाच शब्द होता. आज तो लिहिणं चुकीचं, पण जुनं संशोधन शोधताना तो टाकावाच लागतो. नाहीतर तुमचा आढावा नकळत गेल्या दहा-पंधरा वर्षांपुरताच राहतो. ‘मल्टिपल पर्सनॅलिटी’चंही तेच: १९९४पासून तिचं अधिकृत नाव वेगळं आहे.

### चौकटीत टाइप करायचं तरी काय?

शोधयंत्राला पूर्ण वाक्य देण्यापेक्षा शब्दांचे गट द्या. त्यासाठी तीन जोडशब्द पुरतात. इंग्लिश गणितज्ञ जॉर्ज बूलच्या एकोणिसाव्या शतकातल्या तर्कशास्त्रावर ते उभे आहेत.

‘ऑर’ म्हणजे यांपैकी कोणताही शब्द चालेल. समान अर्थाच्या शब्दांसाठी. याने नोंदी वाढतात. ‘अँड’ म्हणजे दोन्ही हवेत. वेगवेगळ्या कल्पना जोडण्यासाठी. याने नोंदी घटतात. ‘नॉट’ म्हणजे हा शब्द असेल तर नको. आपल्या प्रश्नासाठी पहिल्या गटात डिले ऑफ ग्रॅटिफिकेशन ऑर सेल्फ-कंट्रोल, दुसऱ्यात प्रीस्कूल ऑर अर्ली चाइल्डहूड, तिसऱ्यात अकॅडेमिक अचीव्हमेंट ऑर स्कूल परफॉर्मन्स. प्रत्येक गट कंसात टाकायचा आणि गटागटांमध्ये अँड. अर्थात हे सगळं इंग्रजी लिपीत, आणि जोडशब्द मोठ्या अक्षरांत. पबमेडला ते तसेच लागतात.

अनेक शब्दांची संज्ञा दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे ते शब्द सलग असलेलेच लेख येतील. शब्दाच्या मुळाशी तारांकन दिलं तर त्याची सगळी रूपं येतात: ‘अ‍ॅडोलसन्ट’च्या शेवटचं अक्षर काढून तारांकन दिलंत की ‘अ‍ॅडोलसन्स’ही सापडतो. गूगल स्कॉलरमध्ये मात्र ही तारांकनाची सोय चालत नाही.

‘नॉट’ जपून वापरा. तुम्हाला फक्त मुलांवरचं संशोधन हवं म्हणून ‘नॉट अडल्ट्स’ टाकलंत, तर मुलं आणि प्रौढ यांची तुलना करणारे निबंधही उडतील. त्याच मुलांना मोठेपणी पुन्हा भेटून केलेले अभ्यासही जातील, आणि आपल्याला तर नेमके तेच हवे आहेत.

### गूगल स्कॉलर आहे की, बाकीचे कशाला?

सुरुवातीला गूगल स्कॉलर उत्तम. २००४पासून आहे, फुकट आहे, पुस्तकांपासून प्रबंधांपर्यंत सगळं दाखवतं. पण त्याची निवड यंत्राने होते, तुमच्यासमोर कोणता लेख आधी का आला हे कळत नाही, आणि कोणत्याही शोधाच्या पहिल्या हजार नोंदींपलीकडे ते दाखवत नाही. ज्यांना जास्त संदर्भ मिळालेत ते लेख वर येण्याकडे त्याचा कल असतो. म्हणजे प्रसिद्ध ते अधिक प्रसिद्ध. त्या प्रसिद्ध लेखाला छेद देणारा नवा लेख खाली राहतो.

म्हणून किमान एक विषयवार डेटाबेस हवाच. मानसशास्त्राचा मुख्य डेटाबेस सायकइन्फो. त्याची मुळं १९२७मध्ये सुरू झालेल्या सारांशांच्या छापील मासिकात आहेत. तो सशुल्क आहे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा. त्यात वयोगट, अभ्यासाची पद्धत, कोणती चाचणी वापरली यानुसार चाळणी लावता येते. पबमेड फुकट आहे, साडेतीन कोटींहून अधिक नोंदींचा. मेंदू, मानसिक आजार, उपचार यांसाठी पहिल्यांदा तिथे जावं. विषय शिक्षणाच्या अंगाने जाणारा असेल तर ‘एरिक’, तोही फुकट. भारतीय प्रबंधांसाठी शोधगंगा, त्याबद्दल पुढे.

### माग काढणं: मागे आणि पुढे

या कामातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच, आणि सगळ्यात दुर्लक्षितही. शोधाच्या चौकटीतून एक चांगला निबंध हाती आला की त्याच्या संदर्भसूचीतून मागे जाता येतं. आणि ‘साइटेड बाय’ या दुव्यावर टिचकी मारली की त्या निबंधाचा उल्लेख करणारे नंतरचे निबंध दिसतात, म्हणजे पुढे जाता येतं. संदर्भसूची म्हणजे जुने फेरफार. साइटेड बाय म्हणजे नंतर झालेले व्यवहार.

मार्शमॅलोबाबत हे करून बघू. सगळ्यांच्या तोंडी असलेला निबंध आहे १९९०चा: शोडा, मिशेल आणि पीक यांचा. तो मुळातून उघडला की पहिला धक्का बसतो. मोठेपणीच्या परीक्षेच्या गुणांशी जे नातं सांगितलं जातं, ते शंभराहूनही कमी मुलांच्या गुणांवर बेतलेलं आहे. मुलं सगळी एकाच विद्यापीठाच्या आवारातल्या शाळेतली, त्यात प्राध्यापकांची आणि विद्यापीठाशी संबंधित घरांतली बरीच. लेखकांनी स्वतः हात राखूनच लिहिलं होतं, बेछूट विधानं नंतर इतरांनी केली.

मागे गेलात तर १९७२ आणि १९७०चे निबंध लागतात. तिथे प्रश्नच निराळा आहे: मुलाचं लक्ष खाऊवर असलं तर थांबणं अवघड जातं का, मन दुसरीकडे वळवलं तर सोपं होतं का? भविष्य सांगणारी चाचणी म्हणून हे प्रयोग बेतलेच नव्हते. आणखी मागे गेलात तर १९५८मध्ये मिशेल चक्क त्रिनिदादमध्ये दिसतात. तिथल्या आफ्रिकी वंशाच्या आणि भारतीय वंशाच्या मुलांना त्यांनी लहान खाऊ आत्ता की मोठा खाऊ नंतर, असं विचारलं. भारतीय वंशाच्या मुलांमध्ये थांबण्याचा कल जास्त दिसला, आणि घरात वडील असण्या-नसण्याचा त्या निवडीशी संबंध आढळला. म्हणजे घर आणि परिस्थिती ही बाब पहिल्यापासून समोर होती. लोकप्रिय गोष्टीत ती गळाली.

आता पुढे जाऊ. २०१३मध्ये किड, पाल्मेरी आणि अ‍ॅस्लिन यांनी २८ मुलांवर एक सुंदर छोटा प्रयोग केला. खाऊच्या आधी काही मुलांना ‘चांगले रंग आणून देते’ असं सांगून खरंच आणून दिले, काहींना दिलेला शब्द मोडला. शब्द पाळला गेला होता ती मुलं खाऊसाठी सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली फक्त ३ मिनिटं. समोरचा माणूस परत येईल याचा भरवसा नसेल तर हातातला खाऊ खाणं हाच शहाणपणा नाही का?

२०१८मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी ९००हून अधिक मुलांची माहिती तपासली. यात आई कॉलेजला न गेलेली मुलंही भरपूर होती. थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या प्रगतीचा संबंध मूळ निष्कर्षाच्या साधारण निम्माच भरला. कुटुंबाची परिस्थिती, घरातलं वातावरण आणि आधीची बौद्धिक क्षमता हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश भाग गेला. त्याच मुलांना २६व्या वर्षापर्यंत गाठून २०२४मध्ये आलेल्या अभ्यासात मोठेपणीच्या आयुष्याचा भरवशाचा अंदाज त्या चाचणीतून मिळाला नाही.

आणि संस्कृतीच्या वाटेने गेलात तर आणखी दोन रत्नं. २०१८च्या एका अभ्यासात कॅमेरूनमधल्या न्सो समाजातली सुमारे ७० टक्के मुलं थांबली, मध्यमवर्गीय जर्मन मुलांपैकी ३० टक्केही नाहीत. २०२२मध्ये जपानी आणि अमेरिकी मुलांची तुलना झाली: जपानी मुलं खाण्यासाठी जास्त थांबली, अमेरिकी मुलं गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. घरी सगळे जेवायला बसेपर्यंत थांबण्याची सवय एकीकडे, वाढदिवसाच्या भेटी लगेच न उघडण्याची सवय दुसरीकडे. आपल्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाला हात न लावणाऱ्या पोरांवर कुणी असा प्रयोग करावा, अशी माझी फार इच्छा आहे. एम.ए.च्या प्रकल्पाला इतका चांगला विषय फुकट देऊन टाकतो आहे.

बघा, एका निबंधावर थांबलो असतो तर ‘आत्मसंयम म्हणजे यश’ एवढंच लिहिलं असतं. माग काढल्यावर प्रश्न गरिबी, भरवसा आणि संस्कृती इथवर पोचला.

### छापून आलंय म्हणजे खरंच ना?

हा आक्षेप उलट्या बाजूने यायला हवा, पण विद्यार्थी असाच विचारतात. २०१५मध्ये मानसशास्त्रातल्या १०० छापील अभ्यासांची पुन्हा तपासणी प्रसिद्ध झाली. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांमध्ये सांख्यिकीय दृष्ट्या दखलपात्र, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सहज सोडून देता येणार नाहीत असे, निष्कर्ष होते. नव्याने केल्यावर ३६ टक्क्यांतच तसे मिळाले.

मग एकेक अभ्यास सोडून मेटा-अ‍ॅनालिसिस शोधावं का? मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणजे एकाच प्रश्नावरच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून काढलेलं उत्तर. शोधावंच, आणि तेही आधी. पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नये. इच्छाशक्ती वापरली की संपत जाते, या ‘ईगो डिप्लिशन’च्या कल्पनेला २०१०च्या मेटा-अ‍ॅनालिसिसने चांगलाच पाठिंबा दिला होता. २०१६मध्ये २३ प्रयोगशाळांनी आधी पद्धत ठरवून दोन हजारांहून अधिक लोकांवर एकत्रित प्रयोग केला, तेव्हा परिणाम शून्याच्या जवळ आला. दोन्ही निबंधांचे पहिले लेखक एकच, मार्टिन हॅगर. असं होण्याचं एक मोठं कारण रॉबर्ट रोझेन्थल यांनी १९७९मध्येच सांगून ठेवलं होतं: ज्या प्रयोगांतून काही निघालं नाही ते छापलेच जात नाहीत, टेबलाच्या खणात राहतात. छापलेले तेवढे एकत्र केले तर चित्र हवं त्यापेक्षा उजळ दिसणारच.

काही निबंध मागेही घेतले जातात. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ डीडरिक स्टापेल यांनी आकडे बनावट केल्याचं २०११मध्ये उघड झालं आणि त्यांचे पन्नासहून अधिक निबंध रद्द झाले. निबंध रद्द झाला तरी त्याची जुनी पीडीएफ फिरत राहते. म्हणून महत्त्वाचा प्रत्येक निबंध नियतकालिकाच्या स्वतःच्या पानावर जाऊन बघा. रद्द झाल्याची सूचना तिथे असते. ‘रिट्रॅक्शन वॉच’चा फुकट डेटाबेसही आहे.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा उपद्रव आपल्याकडे जुना आहे. त्यासाठी यूजीसीने ‘केअर’ यादी केली होती आणि तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. २०२५मध्ये ती यादी बंद झाल्याचं यूजीसीने जाहीर केलं. आता पारख तुमची आणि तुमच्या गाईडची. संपादक मंडळात खरी माणसं आहेत का, निबंध चार दिवसांत स्वीकारतो असं आश्वासन आहे का, मानसशास्त्राशेजारी स्थापत्य अभियांत्रिकी आणि वाणिज्य एकाच अंकात आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

### एआयला विचारलं तर पाच मिनिटांत होईल की

काही कामं होतील. ‘डिले ऑफ ग्रॅटिफिकेशनला समानार्थी संज्ञा सांग’ किंवा ‘या सारांशातली अमुक पद्धत समजावून सांग’, असं विचारायला हरकत नाही. पण ‘मला दहा संदर्भ दे’ असं म्हणालात तर सांभाळा. २०२३च्या एका अभ्यासात चॅटजीपीटीच्या त्या वेळच्या ३.५ आवृत्तीने दिलेल्या संदर्भांपैकी ५५ टक्के आणि जीपीटी-४ने दिलेल्यांपैकी १८ टक्के काल्पनिक निघाले. साधनं सुधारत आहेत, नव्यांत इंटरनेटवर शोधण्याची सोयही आहे. तरी धोका असा की खोटा संदर्भ दिसायला अस्सल असतो: लेखक खरा, नियतकालिक खरं, फक्त तो निबंध कुणी लिहिलेलाच नसतो.

तपासणी सोपी आहे. आजकालच्या बहुतेक निबंधांना डीओआय नावाचा कायमचा क्रमांक असतो, १०ने सुरू होणारा. तो क्रमांक डीओआयच्या संकेतस्थळावर टाकला की निबंधाचं पान उघडतं. उघडलं नाही, किंवा भलताच निबंध उघडला, तर तो संदर्भ खोडा. आणि निबंध खरा असला तरी त्यात तेच लिहिलंय का, हे वाचूनच कळणार.

### भारतातलं काही मिळतच नाही!

तक्रार निम्मी खरी आहे. २००३ ते २००७ या काळात अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा नियतकालिकांत ज्यांच्यावर संशोधन झालं, त्यांतले ९६ टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले होते, असं जेफ्री आर्नेट यांनी २००८मध्ये दाखवलं. ‘माणूस असा वागतो’ या वाक्यातला माणूस बहुतेक वेळा अमेरिकेतला असतो.

उरलेली निम्मी तक्रार शोधण्याच्या सवयीची आहे. ‘इंडिया’ एवढंच टाकून भागत नाही. राज्य टाका, शहर टाका, भाषा टाका. ‘मराठी’ हा शब्द इंग्रजीत टाकून पबमेड चाळा. चाचण्यांची मराठी रूपांतरं आणि त्यांची विश्वसनीयता तपासणारे निबंध मिळतील, आणि प्रश्नावली स्वतः भाषांतरित करून वापरायच्या आधी ते बघणं आवश्यक आहे. ‘इंडियन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’ सर्वांना खुलं आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर देशभरातले पीएच.डी. प्रबंध फुकट वाचता येतात, काही मराठीतही आहेत. प्रबंधांचा दर्जा खालीवर असतो, पण त्यांतलं दुसरं प्रकरण (बहुधा आधीच्या संशोधनाचा आढावा) आणि संदर्भसूची यांतून भारतीय संशोधनाचा माग चांगला लागतो. ती प्रकरणं उतरवून काढायची नाहीत, हे सांगायची गरज पडू नये.

शिवाय आपले प्रश्न मानसशास्त्राच्या कपाटातच असतील असं नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्या हा विषय घ्या. फक्त सायकइन्फोत शोधलंत तर हाती थोडंच लागेल. मुंबई उच्च न्यायालयासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५मध्ये केलेला अहवाल, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तले २००६च्या सुमाराचे लेख, हे अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या दालनात आहेत. असे अहवाल, सरकारी पाहण्या, संस्थांची टिपणं यांना ग्रे लिटरेचर म्हणतात. ती डेटाबेसमध्ये क्वचित असतात. संस्थेच्या संकेतस्थळावर किंवा थेट ग्रंथपालांना विचारूनच मिळतात. ग्रंथपाल हा माणूस विद्यार्थ्यांना फक्त दंडाच्या वेळी आठवतो, ही आपल्या कॉलेजांची खरी शोकांतिका.

### आणि लेखाने पैसेच मागितले तर?

आधी कॉलेज नव्या योजनेत आहे का ते विचारा. नसेल तर ‘अनपेवॉल’ हे ब्राउझरमध्ये बसणारं छोटं साधन त्या लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे आहे का ते दाखवतं. पबमेड सेंट्रलवर पूर्ण लेख असतात, सायआर्काइव्हवर छापण्याआधीचे मसुदे असतात. ते पिअर रिव्ह्यूआधीचे असू शकतात हे लक्षात ठेवून वाचा. काहीच नाही जमलं तर लेखकाला चार ओळींची ईमेल पाठवा. संशोधकांना आपला निबंध कुणी मागितला की आनंदच होतो, आणि लेखाचे पैसे त्यांच्या खिशात जातच नसतात. सशुल्क निबंध प्रकाशकांच्या परवानगीविना फुकट देणाऱ्या साय-हबचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. प्रकाशकांच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला आहे.

### थांबायचं कधी, आणि वहीत काय लिहायचं?

वेगवेगळ्या शब्दांनी, वेगवेगळ्या डेटाबेसमध्ये शोधूनही तेच निबंध आणि तीच नावं फिरून येऊ लागली, की थांबायला हरकत नाही. एम.ए.च्या प्रकल्पासाठी जगातला प्रत्येक निबंध वाचायचा नसतो. तुमच्या प्रश्नाची बाजू घेणारे, विरोधात जाणारे आणि सर्वांत नवे, असे तिन्ही हाती आहेत ना, हे बघायचं.

नोंद मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, कोणता डेटाबेस, नेमके कोणते शब्द, किती नोंदी आल्या, त्यांतल्या किती ठेवल्या आणि बाकीच्या का सोडल्या. पद्धतशीर आढावे लिहिणारे संशोधक हीच माहिती ‘प्रिझ्मा’ नावाच्या ठरलेल्या आराखड्यात देतात. २०२०ची आवृत्ती नेटवर फुकट आहे. तुमच्या प्रकल्पाला तेवढी काटेकोर मांडणी लागणार नाही, पण तोंडी परीक्षेत ‘हे दहाच निबंध का घेतले?’ असं बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं तर दाखवायला काहीतरी असेल. निबंध सांभाळायला ‘झोटेरो’ घ्या. फुकट आहे, आणि शेवटच्या रात्री संदर्भसूची हाताने जुळवत बसण्यापासून वाचवतं.

गूगल स्कॉलरमध्ये तुमच्या शब्दगटाचा अलर्ट लावून ठेवा, नवा निबंध आला की ईमेल येते. प्रकल्प जमा होईपर्यंतच्या काही महिन्यांतही महत्त्वाचं काहीतरी छापून येऊ शकतं आणि परीक्षकांनी ते वाचलेलं असू शकतं. व्हायवा झाली की अलर्ट बंद करा, नाहीतर पुढे नोकरीच्या ईमेलमध्येही मार्शमॅलो येत राहतील.